बिनदाण्याचा राजा

माझ्या सासऱ्यांच्या हातचा पाव या गावाने चाळीस वर्षं खाल्ला आणि शेवटची दहा वर्षं त्यांनाच नावं ठेवली. पावात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून माणसात काढली. म्हातारा विसरतो म्हणे. गिऱ्हाइकं पाव हातात घेऊन विचारायची, "काय पाववाले, मीठ घातलंय ना आज?" सासरे हसायचे आणि पाव कागदात गुंडाळून द्यायचे. माझ्या मात्र मस्तकात तिडीक जायची. मी तोंडाची फटकळ. दोन-तीन जणांना मी पावाबरोबर चार शब्दही बांधून दिलेत.

कारण तो माणूस काहीही विसरत नव्हता. कुणाला करपलेली कड आवडते, कुणाच्या घरी दात नसलेली म्हातारी आहे, कुणाला पावात साखर चालत नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. ते विसरायचे ती वर्षातून एकच गोष्ट, आणि तीसुद्धा मुद्दाम. हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला मी आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्यासारखं आंधळेपणाने चालावं लागणार नाही.

नाताळनंतर बाराव्या दिवशी तीन राजांचा सण येतो. त्या दुपारी प्रार्थना झाली की चर्चच्या हॉलमध्ये सगळे जमतात आणि आमच्या भट्टीतून आलेला मोठा गोड पाव कापतात. कड्यासारखा गोल, मधे भोक, आत मनुका. त्याला राजाचा केक म्हणतात. त्यात कुठेतरी घेवड्याचा एक सुका दाणा दडवलेला असतो. जमलेल्यांत जो सगळ्यात लहान, तो टेबलाखाली बसतो आणि वरून चादर सोडतात, म्हणजे त्याला काही दिसू नये. सुरी चालवणारा विचारतो, "हा कुणाचा?" खालून नाव येतं. ज्याच्या दाताखाली दाणा येईल तो वर्षभराचा राजा. त्याला सोनेरी कागदाचा मुकुट, टाळ्या, आणि भिंतीवरच्या लाकडी फळ्यावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव. दाणा निघालाच नाही, तर मुकुट भट्टीवाल्याच्या डोक्यावर. विसरलास ना, मग बस राजा होऊन.

त्या फळ्यावर एकाखाली एक दहा ओळींत माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. त्याच्या वरच्या ओळीत माझ्या सासूबाईंचं.

सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा भट्टीच्या खोलीत त्यांचा निळा एप्रन खुंटीवर तसाच होता. त्या गेल्या त्या वर्षी दाणा त्यांनाच मिळाला होता. चावताना त्यांच्या दाढेची एक बारीक खाच दाण्यावर पडली. मुकुट घालून त्या दिवसभर मिरवल्या, संध्याकाळी तो मुकुट घालूनच पीठ मळायला बसल्या. मग पोटात गाठ निघाली आणि ऑगस्टमध्ये त्या गेल्या. एवढंच झालं असतं तर सासरे रडले असते, सावरले असते. पण डिसेंबरात मास्तर आले.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर. दुपारी भट्टी थंड व्हायला लागली की पिठाच्या पोत्यावर येऊन बसायचे, उरलेला कडक पाव चहात बुडवून खायचे आणि त्या बदल्यात माहिती द्यायचे. त्या दिवशी बाहेर चार वाजताच अंधारून आलं होतं. सासरे दारावर हिरव्या फांद्या बांधत होते.

"हे सगळं येशूच्या आधीचं बरं का, पाववाले," मास्तर म्हणाले. "या फांद्या, या मेणबत्त्या, सगळं. दिवस आखडत चालला की लोकांना भीती वाटायची, हा आता पुरताच संपतो की काय. सूर्याने परत फिरावं म्हणून सगळा खटाटोप. रोमन लोक याच दिवसांत शनीचा सण करायचे. मालक नोकर व्हायचा, नोकर मालक. फासे टाकून एकाला राजा करायचे. पुढे चर्चने यातलं बरंच काही उचललं, स्वच्छ आंघोळ घातली आणि नवे कपडे चढवले."

"आणि त्या राजाचं पुढे काय व्हायचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाकी ठिकाणी काही नाही, सण संपला की घरी. पण एका जुन्या कहाणीत आहे, की कुठल्याशा छावणीत सैनिक आपल्या राजाला तीस दिवस हवं ते खाऊ-पिऊ घालायचे आणि तिसाव्या दिवशी शनीच्या वेदीवर त्याचा गळा कापायचे. जाणकार म्हणतात, थाप असेल. खरं-खोटं देव जाणे."

"आणि दाणा?"

"दाणा तर मेलेल्यांचा. घरातली भुतं बाहेर जावीत म्हणून रोमन घरधनी काळे दाणे पाठीमागे टाकत चालायचा. मागे वळून बघायचं नाही." मास्तरांनी कपाचा तळ धुंडाळून भिजलेला तुकडा काढला. "चहा आहे का अजून?"

त्यांना तो वेळ घालवायचा विषय होता. आमच्या मागे शनी लागला तो त्या चहाच्या कपापासून.

दुसऱ्या दिवशी सासरे हॉलमध्ये जाऊन फळ्यासमोर उभे राहिले. आपल्या हाताने केलेले केक, आपल्या बोटाने खुपसलेले दाणे, आणि पुढे ती नावं. शिंपी: मुकुट जानेवारीत, गेला मे महिन्यात. पोस्टमनची बायको: त्याच वर्षी, बाळंतपणात. घंटा वाजवणारा: जिन्यावरून पडून. सासूबाईंच्या वरच्या बारा नावांपैकी सात जणांना पुढचा केक खायला मिळाला नव्हता. आठवं नाव सासूबाईंचं.

आता मला विचाराल तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला. हॉलमध्ये येणारी निम्मी माणसं काठी टेकत येतात. त्यांच्यातलं कुणी वर्षभरात गेलं तर त्यात नवल कसलं? पण हे मी म्हणणार, कारण दाणा माझ्या बोटाने खुपसलेला नव्हता. ते फादरांकडेही गेले. फादर म्हणाले, "अहो, त्या जुन्या गोष्टींवर आपण कधीच पवित्र पाणी शिंपडलंय. तुम्ही केक करा." सासरे घरी आले आणि त्यांनी केक केला. दाणा घातला नाही.

सासूबाईंच्या दाढेची खाच असलेला तो दाणा त्यांनी जपून ठेवला होता. दरवर्षी केकचं पीठ वळून झालं की ते आम्हाला खोलीबाहेर काढायचे. "दाणा कुठे घातला ते कुणी बघायचं नाही," म्हणायचे. आत एकटे उभे राहायचे. मग दार उघडायचं, केक ओल्या फडक्याखाली फुगायला ठेवलेला असायचा आणि खाचेचा दाणा मिठाच्या डब्यामागे परत गेलेला असायचा. हॉलमध्ये सगळे जिभेने चाचपत खायचे, एकमेकांच्या गालांकडे बघायचे आणि शेवटी एकच गिल्ला: "विसरले! पाववाले परत विसरले!" सासरे मान खाली घालून मुकुट घ्यायचे. पहिल्या वर्षी लोकांना कौतुक वाटलं. चौथ्या वर्षी कुणीतरी त्यांना बिनदाण्याचा राजा म्हणालं आणि ते नाव चिकटलं. सातव्या वर्षी तर केक शहरातून मागवू या असाही ठराव आला होता, तो फादरांनी कानामागे टाकला.

असा नऊ वर्षं मुकुट घातला त्यांनी. लाजेने कान लाल व्हायचे, पण घरी येताना चालणं हलकं असायचं. हे मी बघत होते आणि मला वाटायचं, म्हाताऱ्याला खरंच काही कळेनासं झालंय.

दहाव्या वर्षी नाताळच्या आधी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड जरा वाकडं झालं. आमचे हे सायकलवरून घरोघर पाव पोचवतात, त्यांना भट्टीचं काम येत नाही. म्हणून केक मी मळला. पीठ वळून झाल्यावर सासरे भिंतीला धरत आले.

"बाहेर जा तू. दाणा मी घालतो."

"बाबा, एका हाताने?"

"एका बोटाचं काम आहे ते. जा."

मी बाहेर गेले. थोड्या वेळाने ते आले आणि दमून खुर्चीत बसले, डोळे मिटले. मी आत जाऊन मीठ घ्यायला डबा सरकवला, तर मागे दाणा. मी कपाळावर हात मारला. दरवर्षी हेच होत असणार! आत जायचं, उभं राहायचं आणि कशासाठी आलो ते विसरायचं. बिचारे. मला त्यांची इतकी दया आली, की तिथेच डोळे भरून आले. आजारी माणसाला यंदा तरी हसू द्यायचं नाही, असं मी ठरवलं आणि दाणा उचलून बोटाने पिठात खोल दाबला. वरून पीठ सारखं केलं. फडकं झाकलं. देवाला हात जोडले की चांगलं काम हातून झालं.

एवढ्यावर थांबले असते तर मी कसली. हॉलमध्ये जाताना चार बायकांना ऐकवलं, "यंदा हसायची तयारी करून आला असाल तर परत जा. दाणा आहे. मी स्वतः बघितलाय."

त्या वर्षी तीस माणसं होती. खिडक्यांबाहेर धुकं चिकटलेलं, त्यामुळे भर दुपारी दिवे लावले होते. टेबलाखाली माझी मुलगी बसली, आमची चिमी, सात वर्षांची. गावात तिच्याहून लहान कुणी उरलेलंच नाही. फादरांनी सुरी घेतली. मी सासऱ्यांच्या शेजारी बसले होते, त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, निर्धास्त बसा. तुम्ही दाणा विसरला होतात, मी घातलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. मी घराला आग लावली असती तरी ते माझ्याकडे तसे बघते ना.

"कुठल्या बाजूला?"

"काय कुठल्या बाजूला?"

"दाणा. कुठल्या बाजूला घातलास?"

"मला काय माहीत? कडं गोल आहे, भट्टीत फिरलं, टेबलावर फिरलं..."

"हा कुणाचा?" फादरांनी विचारलं. चादरीखालून चिमी ओरडली, "गवंडीकाका!"

सासऱ्यांनी टेबलाची कड डाव्या हाताने घट्ट धरली. एकेक नाव येत होतं, एकेक बशी पुढे जात होती आणि ते प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. गवंडी चावत होता. नर्सबाई चावत होत्या. मास्तर चावत होते. माझ्या सांगण्यामुळे या वेळी कुणी बोलत नव्हतं, सगळे जपून दात टेकवत होते. तीस माणसांच्या हॉलमध्ये नुसता चावण्याचा आवाज. माझा तुकडा आला, आमच्या ह्यांचा आला. दोन्हींत काही नाही. मला अजून कळत नव्हतं काय चाललंय, पण मीही आता प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायला लागले होते. माणसं संपत आली आणि दाणा काही निघेना.

शेवटी दोनच तुकडे राहिले.

"हा कुणाचा?"

"माझा!" चिमी म्हणाली. चादर जरा वर झाली, छोटा हात बाहेर आला आणि बशी आत गेली.

शेवटचा तुकडा सासऱ्यांचा. त्यांनी तो खाल्ला नाही. बोटांनी कुस्करला. मनुका, चुरा, आणखी काही नाही. मग तो लुळ्या अंगाचा माणूस खुर्चीवरून खाली घसरला, गुडघ्यावर आला आणि चादर वर करून टेबलाखाली शिरला. लोकांना वाटलं पडले. मी वाकून चादर उचलली.

आत चिमी हसत होती. ओठांवर साखर, आणि पुढे केलेल्या तळहातावर खाचेचा दाणा. "आजोबा, मला मिळाला! मी राणी!"

त्यांनी तिच्या हातातून दाणा घेतला आणि तोंडात टाकला. झटक्यानंतर त्यांना पाणी गिळतानाही ठसका लागायचा. मान ताणून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते तो कोरडा दाणा गिळत राहिले. तो खाली उतरला तेव्हा ओठांवर बोट ठेवून त्यांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"निघाला का?" फादरांनी वरून विचारलं.

"नाही," सासरे टेबलाखालून म्हणाले. "विसरलो."

हॉल हसून हसून कोसळला. ज्या चार बायकांना मी ऐकवलं होतं, त्या तर माझ्याकडे बोट दाखवून हसत होत्या. चिमी रडत होती आणि लोक म्हणत होते, दाणा मिळाला नाही म्हणून रडते. सासऱ्यांना उचलून खुर्चीत बसवलं, मुकुट घातला. तो त्यांच्या वाकड्या तोंडावर एका बाजूला कलला.

घरी आल्यावर मी भांडायलाच उभी राहिले. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, मास्तरांपासून फळ्यापर्यंत. मी म्हटलं, "बाबा, हे तुम्ही मानता?"

"मानत नाही गं. पण मानत नसलो तरी हात धजत नाही."

"नऊ वर्षं दाणा नव्हता, तरी हॉलमधली अकरा माणसं गेली. मी मोजून दाखवते."

"गेली. पण माझ्या हाताने नाही गेली."

"आणि तुम्ही? नऊ वर्षं मुकुट घातलात. झालं का काही?"

"नुसता मुकुट होता तो. दाणा कुठे मिळाला होता मला?" ते म्हणाले आणि त्यांनी डावा हात पोटावरून फिरवला. "तो आत्ता मिळाला. तिचाच. बरं झालं."

त्यानंतर ते अगदी शांत झाले. चिमीला पीठ मळायला शिकवलं, बोटं कशी बुडवायची, फुगलंय ते कसं ओळखायचं. निळा एप्रन खुंटीवरून काढून तिच्या मापाचा करून घेतला. मे महिन्यात एका सकाळी ते खुर्चीत बसलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका, अपेक्षित होता. मीही सगळ्यांना तेच सांगितलं. मास्तर आले, पोत्यावर बसले नाहीत, चहाही घेतला नाही. "मी उगाच बोललो होतो हो," एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षीचा केक माझा. मी मानत नव्हते. तुम्हाला सांगते, आजही मानत नाही. पण पीठ वळून झाल्यावर मी सगळ्यांना बाहेर काढलं, एकटी उभी राहिले आणि घेवड्याच्या बरणीतला नवा दाणा मिठाच्या डब्यामागे ठेवून दार उघडलं. हसतील तर हसोत. म्हाताऱ्याने नऊ वर्षं सोसलं, मला काय धाड भरली आहे? चिमीला मी काही सांगितलं नव्हतं. आजोबांनी तिचा दाणा खाल्ला ते तिला मजेतच आठवत होतं, आणि आठ वर्षांच्या पोरीला गळे कापायच्या गोष्टी काय सांगायच्या, असं मला वाटलं. तिथेच मी चुकले.

हॉलमध्ये टेबलाखाली शिरण्याआधी ती माझ्याजवळ आली. माझ्या गळ्यात हात टाकून कानात म्हणाली, "आई, घाबरू नकोस. तू दाणा विसरली होतीस. डब्यामागे होता. मी घातलाय. आता तुला कुणी हसणार नाही."

आणि चादरीखाली गेली.

मी ओरडायला हवं होतं. केक उचलून बाहेर फेकायला हवा होता. पण फादरांची सुरी चालली होती आणि मी काय सांगणार होते, की दाण्याने माणूस मरतो? "हा कुणाचा?" "गवंडीकाका!" मी टेबलाची कड धरली. जिथे सासऱ्यांनी धरली होती तिथेच. आणि जन्मात केली नाही इतकी मनापासून प्रार्थना केली, येशूला केली, त्या शनीलाही केली, जो ऐकत असेल त्याला. मला दे. तिला नको, या म्हाताऱ्यांतही कुणाला नको. मला दे.

बारावा तुकडा माझा होता. दुसऱ्या घासाला दाताखाली कट्ट झालं.

मला इतका आनंद झाला, की मी उठून उभी राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दहा-अकरा वर्षांनी दाणा निघाला होता. चिमी टेबलाखालून धावत आली आणि मला मिठी मारून नाचली. फळ्यावर सासऱ्यांच्या दहा ओळींखाली माझं नाव पडलं.

आता ऑक्टोबर आहे. मला बारीक खोकला आहे. पिठाचा असतो, भट्टीवाल्यांना होतोच. नर्सबाई म्हणतात, एकदा दाखवून घे, दाखवीन. पण या वर्षीचा केक कदाचित चिमी मळेल आणि ती प्रेमाची पोरगी आहे, कुणाची फजिती तिला बघवत नाही. म्हणून हे सगळं लिहून काढलं. हा कागद मी मिठाच्या डब्यामागे ठेवते आहे. चिमे, दाणा शोधायला आलीस तर आधी हे वाच. आणि हसले तर हसू दे.